चहाचा गर्भित अधिकार

"पोरगी लई गरीब हाय हो. चहाचं खातं तिच्याकडं देऊन टाकू, तेवढ्यात काय बिघडवणार!"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मामंजींना सांगत होत्या आणि मी दाराआड कपबशा घेऊन उभी. काय बिघडवलं, ते ऐकाच आता. पदराआड तोंड लपवून सांगते.

लग्न होऊन दीड महिना झालेला. त्यात वकिलीची परीक्षा डोक्यावर. आणि धडा कुठला? संसदेचे गर्भित अधिकार! घटनेनं संसदेला एखादा विषय दिला, की तो राबवायला जे जे लागतं तेही न लिहिता मिळतं. कर लावायचा अधिकार असेल, तर कर चुकवणाऱ्याला धरायचाही आलाच.

मग चहा माझा, तर पातेलं माझं. नाही का? पातेल्यामागून गुलमंडीच्या बाजारातली नवी गाळणी आली, साखरेचा डबा खालच्या फळीवर उतरला. कुणी हूं की चूं नाही! राहता राहिलं दूध. आजवर ते आत्याबाई घ्यायच्या. इतकं पातळ, की साय धरायला लाजायचं.

चौथ्या दिवशी पहाटे जाळीच्या दारातूनच दूधवाल्याला सुनावलं, "काका, उद्यापासून येऊ नका. दुसरा लावलाय."

माकडटोपीतले डोळे माझ्याकडं बघतच राहिले. "नक्की का, पोरी?"

"नक्की."

कायदा मंजूर!

संध्याकाळी तोच माणूस फेटा बांधून बैठकीत हजर. फेटा बघितला आणि ओळख पटली. अहो, हे तर गंगापूरचे तात्या! माझं स्थळ या घरात आणणारे!

"वैनी, पोरगी मी दाखवली, अन् तिनंच मला दारातून हाकललं व्हय?"

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "दूध पातळ हाय, ते मला काय दिसत नाय? सोयरीक जुळवणाऱ्याच्या दुधाची साय बघत नसतेत!"

मामंजी कोर्टातले निवृत्त कारकून. चष्मा पुसत म्हणाले, "अधिकार चहाचा दिला होता. हा कायदा चहाचा का दूधवाल्याचा? हद्द ओलांडली. रद्द!"

तेवढ्यात तात्या समोर ठेवलेल्या चहाला हात न लावता उठायला लागले. मानाचा माणूस चहा न पिता गेला, तर दोन्ही घरांत कायमचा रुसवा. आणि कारण कोण? दीड महिन्याची सून!

सासरी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

"तात्या, चुकलं माझं. उद्यापासून दूध तुमचंच. तुम्ही या घरी माझ्याबद्दल सांगितलं होतं ना, 'पोरगी साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात'? त्यात जेवढं पाणी होतं, त्या मानानं दुधात कमीच आहे!"