उंदरांचं लाल पाणी

एकमेकांचं काम न कळता एकमेकांची पाठ थोपटायची, याला सहकार्य म्हणतात, हे मला नव्वदच्या दशकात बनारसला कळलं. मी विद्यापीठात सेंद्रिय रसायनं बनवायचे. आमच्या विभागप्रमुखांची रक्तविकारांच्या एका बड्या डॉक्टरांशी सकाळी फिरताना दोस्ती झाली आणि त्यातून संयुक्त प्रकल्प निघाला. शाली आणि फोटो त्यांना, काम मला.

थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त द्यावं लागतं. त्यातलं लोह अंगात साठून हृदय, यकृत खराब करतं. ते काढायचं औषध तेव्हा रात्रभर पोटाला सुई लावून पंपाने द्यावं लागे. आम्हाला तोंडाने घ्यायचं हवं होतं, लोह धरून लघवीवाटे नेणारं. मी केलेली पूड पांढरीशुभ्र होती. लोह धरलं की तिचं पाणी लाल व्हायचं. हे परीक्षानळीत दाखवलं तेव्हा डॉक्टर जत्रेतल्या पोरासारखे हरखले. पुढचं काही त्यांनी ऐकलंच नाही.

गणपतीच्या आरतीला ब्रह्मा घाटावरच्या मराठी वस्तीतले एक बँकेतले गृहस्थ भेटले. त्यांची मुलगी याच डॉक्टरांची रुग्ण.

"ताई, औषध निघालं म्हणे तुमचं! दिवाळीपर्यंत गोळ्या देणार, डॉक्टरसाहेब स्वतः बोलले. आम्ही पंप बंदच केला. फार रडायची हो सुई बघून."

"कधीपासून बंद?"

"झाला महिना."

सकाळीच मी डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत गेले; माझी पूड तिथे उंदरांना देऊन बघत होते.

"आइए मैडम, चूहों ने कमाल कर दिया!" त्यांनी बरणी उंचावली. उंदरांची लघवी, लालभडक. "देखिए, सारा लोहा बाहर!"

शेजारी उंदरांना पाजायच्या औषधाची बाटली होती. तीही तेवढीच लाल.

"ये किसमें घोला?"

"पानी में. और किसमें घोलते हैं?"

"कौन-सा पानी?"

त्यांनी हनुवटीने नळ दाखवला. नळाखालच्या पांढऱ्या बेसिनवर गंजाचा तांबडा ओघळ उतरला होता. पुडीने सगळं लोह त्या पाण्यातूनच धरलं होतं. उंदरांनी जे प्यायलं, तेच बाहेर टाकलं.

हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. "आप केमिस्ट लोग बड़ा निगेटिव सोचते हैं. थोड़ा-बहुत लोहा तो चूहे का भी होगा!"

आमच्या विभागप्रमुखांनी मला आवाज खाली ठेवायचा सल्ला दिला. दुसरा कुठला सल्ला त्यांच्याजवळ नव्हताच.

मी तडक ब्रह्मा घाट गाठला. मुलगी खिडकीत बसून अभ्यास करत होती. डोळे पिवळट, जीभ तिखट.

"पंप आज रात्रीपासून लावा," मी तिच्या वडिलांना म्हटलं.

"पण एवढे मोठे डॉक्टर..."

"त्या मोठ्या डॉक्टरांना नळाचं पाणी कळत नाही. गोळी नाहीये. दिवाळीलाही नसेल. लोह मात्र रोज साठतंय."

आईने कपाटातून पंप काढला आणि जुनी सुई उकळायला न घेता नवीचं पाकीट फोडलं. तेवढी अक्कल त्या घरात होती.

मुलीने पुस्तक आपटलं. रागावली की ती हिंदीत जायची.

"आप हमारे घर फिर मत आना!"

"नाही येत," मी म्हटलं. "पंप लावून घेतलास तर."

तिने मला पोटभर शिव्या दिल्या असाव्यात, मनात. मग फ्रॉक वर करून आईसमोर उभी राहिली.