सासूनं अडवलेलं ऑपरेशन

नर्सनं मंजुषाचं नाव पुकारलं आणि कमलबाईनं सुनेचं मनगट धरलं, ते सोडलंच नाही.

तालुक्याच्या गावातला तो खासगी दवाखाना होता. बाकड्यावर मधे मंजुषा, एका बाजूला तिचा नवरा भारत, दुसऱ्या बाजूला सासू. दसरा नुकताच झालेला. दिवाळी उरकली की चारठाण्याकडच्या त्यांच्या गावातून ऊसतोडीची टोळी निघणार होती. मंजुषाच्या ओटीपोटात सारखं दुखायचं, पाळी आली की अंगावरून फार जायचं. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, गर्भाची पिशवी काढून टाका, कायमची कटकट मिटेल. टोळी नेणाऱ्या मुकादम माणिकरावाचंही तेच म्हणणं. पिशवी गेली की पाळी नाही आणि बाईचे खाडेही नाहीत. मंजुषाला दोन लेकरं होती, पण तिची पंचविशीसुद्धा उलटली नव्हती.

"माय, हात सोड. आत बलवायल्यात," भारत दबक्या आवाजात म्हणाला.

"बलवू दे."

"लोकं बघायल्यात. सगळं ठरलंय आता."

"कुनी ठरवलं?"

उत्तर मंजुषानं दिलं. "मी ठरवलं, आत्या."

कमलबाईनं सुनेकडं वळून पाहिलं. तिला वाटलं होतं, नवऱ्यानं आणि मुकादमानं मिळून पोरीला भरीस घातलंय. त्यांच्याशी भांडायची तयारी करून ती आली होती.

"त्या राजेश्री मॅडम आल्या होत्या न्हाई का, महिला दिनाला?" मंजुषा म्हणाली. "त्यांनी स्त्रीवाद म्हनजे काय ते सांगितलं. बाईच्या अंगाचं बाईनं ठरवायचं, दुसऱ्या कुनी न्हाई. मी तेच करायले. मंग तुमी कामून अडवायलात?"

राजेश्री मॅडम कॉलेजात शिकवायच्या. मारुतीच्या पारावर त्यांचं भाषण झालं तेव्हा कमलबाई मागं, लेकरं सांभाळत बसली होती. तो शब्द तिच्या कानावरून गेला होता इतकंच. शेजारी उभा असलेला माणिकराव तेव्हा हसून म्हणाला होता, "म्हंजे नवऱ्याचं ऐकायचं न्हाई, दुसरं काय." बायकाही हसल्या होत्या. आता तोच शब्द सुनेनं समोर आणून ठेवला.

पण कमलबाईनं हात सोडला नाही.

"मी बी असंच म्हनले व्हते," ती हळूच म्हणाली. "भारत लहान व्हता तवा. मला कुनी बळजबरी केली न्हाई. मीच म्हनले, काढा. उसाच्या फडावर आडोसा न्हाई, पानी न्हाई, भिजल्या फडक्यानं मांड्या सोलून निघायच्या. मला वाटलं, सुटले."

भारतनं मान वर केली. आईचं ऑपरेशन झालंय हे त्याला माहीत होतं. कशाचं, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"पाळी गेली. मंग अंगात आग उठायला लागली. हाडं दुखायली. झोप उडाली. तुझ्या वयाला आले आन् म्हातारी झाले, मंजे. ह्याच्या बापाला वाटायचं, ही कामचुकार हाय. मी ठरवलं ते खरं. पन दुसरं काय ठरवता आलं असतं, ते मला कुनी दाखवलंच न्हाई."

नर्स पुन्हा दारात आली. "येणार आहात का? नाहीतर दुसऱ्या पेशंटला घेते."

मंजुषाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचा होता. "मंग मी फडावर काय करू? ते सांगा. मोळी डोक्यावर घेऊन, वलं फडकं लावून पुन्हा चालू का? आत्या, तुमी न्हाई म्हनता, पन मी काय करू ते सांगत न्हाई."

कमलबाई म्हणाली, "तू औंदा जाऊ नको. मी जाते भारतसंगं."

"तुमच्यानं व्हईल?"

"काय म्हाईत."

भारत उठला. क्षणभर वाटलं, तो आईचा हात झटकून बायकोला आत नेईल. तो नर्सला म्हणाला, "आज राहू द्या, बाई," आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

त्याच आठवड्यात त्यानं मंजुषाला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आत सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, विश्रांती पाहिजे, पिशवी काढायचं काही कारण नाही. मंजुषानं गोळ्या पदरात बांधल्या. घरी आल्यावरही सासूकडं तिनं पाहिलं नाही.

टोळी निघायच्या दिवशी माणिकरावानं ट्रकपाशी कमलबाईला अडवलं.

"वैनी, मला तोडीला धडधाकट दोघांची जोडी पायजे. तुमी फडात पडलात तर मी कुनाला तोंड दाखवू? सुनेला बलवा. त्या मॅडमनं तुमच्या घरात स्त्रीवाद घुसवलाय, दुसरं काय न्हाई."

"मला त्यो शब्द नीट म्हनता बी येत न्हाई," कमलबाई म्हणाली. "तुमी जोडी मागितली, मी आन् भारत, ही जोडी हाय. पन माझ्या घरात येऊन कुनाला पिशवी काढा म्हनून सांगायचं न्हाई."

ट्रकात बसलेल्या बायका ऐकत होत्या. त्यातल्या बऱ्याच जणींची पिशवी गेलेली होती. माणिकराव त्यांच्याकडं बघत राहिला, जणू कोण काय बोलतं याची वाट पाहत होता. शेवटी दैवशाला नावाच्या बाईनं सरकून जागा केली आणि खाली हात दिला. "चढा वैनी, ऊन व्हायलंय." माणिकरावानं तंबाखू थुंकली आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.

फडावर कमलबाई दुपारपर्यंत टिकायची, मग कमरेतून वाकायची ती वाकलेलीच राहायची. भारत तिच्या मोळ्या उचलायचा. बायका अंधारातच उसाच्या सरीत का जातात, दिवसभर पाणी का टाळतात, हे इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरच होतं. आता त्यात आई होती. एका सकाळी त्यानं कोप्यांच्या, पाचटाच्या झोपड्यांच्या, मागं चार बांबू रोवले, भोवती जुनी लुगडी ताणली आणि आत पाण्याचा ड्रम ठेवला. गडी हसले. "भारत स्त्रीवादी झाला बघा," माणिकराव म्हणाला.

"काय म्हनायचं ते म्हना," भारत म्हणाला, "पन ड्रम रिकामा झाला तर भरून ठेवा."

गुढीपाडव्याच्या आधी ते परतले. कमलबाईनं त्यानंतर कोयता हाती घेतला नाही. तिला ते जमणारच नव्हतं. मंजुषाचं दुखणं कमी झालं होतं.

पुढच्या दिवाळीनंतर मंजुषानं लेकरं सासूपाशी ठेवली आणि भारतबरोबर तीच फडावर निघाली. कमलबाई म्हणाली, रोजंदारी कर, भाजीपाला विक, पण फडावर जाऊ नको. मंजुषानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, ऑपरेशनाचं तुमचं मी ऐकलं. हे माझं मी बघते." बांबू आणि लुगडी तिनं भारतच्या आधी ट्रकात टाकली. कमलबाईला ते पटलं नव्हतं. तरी तिनं वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या आणि गाडी हलेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.