अंबुबाईचं करंजेल

चऱ्होलीत अंबुबाईच्या घरी रॉकेल शिरत नसे. त्याला कारण तिची धाकटी जाऊ शालन.

शालन भाकरी थापत होती. शेजारी रॉकेलची चिमणी जळत होती, औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चिंधीची वात घातलेली. दावं तोडून आलेल्या वासराचा पाय लागला, बाटली फुटली आणि जाळ लुगड्यावर चढला. अंबुबाईने गोधडी टाकून तिला कवेत आवळलं, पण शालन वाचली नाही. अंबुबाईची बोटं जळून आत वळली, ती कायमचीच.

त्यानंतर तिने नवऱ्याला, कोंडाजीला, इंद्रायणीकाठच्या करंजांच्या शेंगा आणायला लावल्या. करंजेल सांडलं तरी रॉकेलासारखं भडकत नाही, हे तिने माहेरी पाहिलं होतं. कोंडाजी बिया कुटायचा. ती कूट पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढून घ्यायची. पणतीचा उजेड ताटापुरता, आणि वास कडवट. चार-दोन घरांनी तेल नेलं. बाकीच्या बायकांनी नाकाला पदर लावला.

पुढे पिंपरीकडे कारखाने उठू लागले. वीटभट्ट्यांना लाकूड कमी पडलं आणि काठावरची करंजं तुटली. त्याच पावसाळ्यात कोंडाजी तापाने गेला. शालनचा नवरा, दीर सोपानराव, दुसरं लग्न करून, इंदूला घेऊन, पलीकडच्या खोलीत राहत होता. तिथे कंदील असे. करंजेल संपलं, तशी अंबुबाई दिवस मावळायच्या आत जेवून घेई आणि अंधारात बसून राही. इंदूने एकदा कंदील तिच्या उंबऱ्यावर ठेवला, तर ती उठून परसात गेली आणि कंदील नेईपर्यंत परतली नाही.

इंदूला कळा सुरू झाल्या त्या ऐन दिवेलागणीला. सोपानराव कामावर होता. मूल पायाळू निघालं. सुईण कौशल्याबाईचे दोन्ही हात गुंतलेले, आणि खुंटीवरचा कंदील लांब पडत होता.

"अंबू, कंदील धर," ती म्हणाली. "जवळ आण."

अंबुबाई दाराला टेकून उभी होती. ती पुढे झाली. बोटांत कडी धरवेना, म्हणून तिने ती मनगटात अडकवली आणि कौशल्याबाईशेजारी बसून डोळे मिटले. कंदील हलू नये म्हणून तिने तो दुसऱ्या हाताने पोटाशी कवटाळला. तापलेली काच हाताला चटके देत होती. इंदू ओरडत होती, आणि अंबुबाईला त्यात शालनचा आवाज ऐकू येत होता. पण कौशल्याबाईने पुरे म्हणेपर्यंत तिने हात हलवला नाही.

मुलगी झाली. रडायला फार वेळ लागला तिला, पण रडली. इंदू मात्र पुढे बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती.

सोपानराव घरी आला तेव्हा त्याने वहिनीच्या हातावरचे फोड पाहिले. तुम्हालाही एक कंदील आणतो, एवढंच तो म्हणाला.

"मला नगं," अंबुबाई म्हणाली. "तुमचा तेवढा आढ्याला टांगा. पोरगी उद्या रांगायला लागंल."