आईची मैत्रीण

वांगं भाजल्याचा वास आला की जर्मनीतला माझा पहिला हिवाळा आठवतो. तिथे बोलायला कुणी नव्हतं. दुपारी नुसतं रडू यायचं. मग धुळ्याहून आई महिनाभर राहायला आली. तिला अहिराणीशिवाय काही येत नव्हतं, तरी भरीत घेऊन तिनं शेजारच्या जर्मन म्हातारीचं दार वाजवलं. पुढे रोज दोघी आपापल्या भाषेत हसत बोलत बसायच्या आणि मी थक्क होऊन बघत राहायचे. आई परत गेली, तसं घर खायला उठलं. त्या संध्याकाळी बेल वाजली. गरम सूप घेऊन म्हातारी दारात उभी होती. माझे सुजलेले डोळे पाहून तिनं एकेक शब्द आठवत विचारलं, “कशी शेस, बेटा?” आईचीच अहिराणी! आता मला जर्मन छान येतं, पण आम्ही भेटलो की पहिलं वाक्य अहिराणीच असतं.