सवतीनं भरलेली पोटगी

काल माझी सवत मेली आन् मला घास उतरंना. हसू नका.

कुशावर्ता तिचं नाव. पाथरीत ब्लाउज शिवायची.

आमचे मालक मला आन् लेकीला सोडून तिच्याकडं राह्यला गेले. तवा तिला दिलेल्या शिव्या इथं लिहिल्या तर फेसबुकवाले अकाउंट बंद करतील.

कोर्टानं मला पोटगी बांधून दिली. त्याच्यावरच उज्ज्वलाचं, माझ्या लेकीचं, नर्सिंग चालू होतं.

मग मालकांचा मंडपाचा धंदा बसला. लय देणी झाली. त्यांनी कोर्टातून नादारी घेतली, म्हणजे फेडायला जवळ कायबी न्हाई. आन् पेढे घेऊन माझ्या दारात हजर!

"सगळं माफ झालं. आता तुझं बी देणं न्हाई."

पेढा खाल्ला मी. चांगला होता.

मग वकिलाकडं गेले. तो हसायलाच लागला. "मावशी, नादारीत बँक बुडंल, व्यापारी बुडंल. बायकोची पोटगी बुडत न्हाई."

तरी पैसा येईना. उज्ज्वलाची फीस थकली. कॉलेजवाले परीक्षेला बसू देईनात.

मी कोर्टात अर्ज टाकला. देत न्हाई तर आत टाका ह्या माणसाला.

कुशावर्ता एसटीनं आली. दारातच उभी.

"अक्का, हे धरा. मह्या शिलाईचे हायेत. त्यांला जेलात धाडू नका."

"का गं? तुला तेवढीच सुट्टी."

"कशाची सुट्टी! रोज डबा घेऊन मलाच जावं लागंल. मग मशीनवर बसू कवा आन् तुमचं देऊ कवा?"

राग धरायचा होता. हसूच आलं.

उज्ज्वला परीक्षेला बसली. पास झाली.

पुढं दर महिन्याला कुशावर्ता यायची. पैसे द्यायची, चहा प्यायची, माझ्या ब्लाउजाला नावं ठेवायची.

"ही बाही कुणी लावली अक्का? काय दुश्मनी हाय का त्याची?"

मालक गेले. पोटगीचं देणं तिथंच संपलं. तरी महिना भरला की ही दारात.

"आता काय आणलंस?"

"कायबी न्हाई. चहा ठेवा."

परवा दवाखान्यात उज्ज्वलाच तिच्या उशाला बसली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "आई का तुमची?"

"हां. धाकटी आई."

मी तिथंच होते. काही बोलले न्हाई. आन् मी गप बसणारी बाई न्हाई, हे सगळ्यांला माहीत हाय.

भावपूर्ण बिवपूर्ण मला जमत न्हाई.

कुशावर्ता, पोरगी शिकली तुझ्यामुळं. नीट जा.