रखमाजी पाटलाचा शब्द

कुसगावात कुणाची शेळी हरवली की बाईमाणूस आधी रखमाजी पाटलाच्या ओट्यावर येई. वीस वर्षं ते पोलीस पाटील होते. चोर सापडला तरी शक्यतो ठाण्याची पायरी दाखवायची नाही, गावातच समज द्यायची, अशी त्यांची रीत. म्हणून बेचाळीस साली निजाम पिंजारी आपल्या पायांनी त्यांच्याकडे आला.

"आबा, रुळाजवळ तारा तोडताना मी मानसं बगितली. लांबून. तोंडं न्हाई वळखली."

पाटलांनी विचार केला. उद्या कुणी निजामचंच नाव घेतलं तर? त्यापेक्षा आधीच सांगून मोकळं व्हावं.

"चल ठाण्यात. माझ्यासंगं यायचं, माझ्यासंगं परतायचं. केसाला धक्का लागायचा न्हाई."

फौजदारानं ऐकून घेतलं आणि निजामला आतल्या खोलीत नेलं.

"साहेब, मी शब्द दिलाय त्याला," पाटील म्हणाले.

"शब्द गावात द्यायचा, पाटील. इथं नाही. या तुम्ही."

आणि पाटील एकटेच परत निघाले. तिथंच बसून राहता आलं असतं, हे त्यांना चढ उतरताना सुचलं. तरी पाय मागं वळले नाहीत.

सहाव्या दिवशी निजाम सुटला. उजव्या हाताची बोटं मोडलेली. कापूस पिंजायची धनुकली त्या हातात पुन्हा धरवली नाही. पाटील पायलीभर तांदूळ घेऊन गेले, तर निजामची बायको चाँदबी दारात आडवी उभी राहिली.

"तुमी वाईट न्हाई, आबा. पर आमच्या घरात आता येऊ नगा."

त्यानंतर ओटा ओस पडला. भांडणं झाली, बैल चोरीला गेले. पाटलांना कळायचं ते चार दिवसांनी, तेही बायकोकडून.

माघात चोरांनी लीलाबाईचं घर फोडलं. पाटील पोचले तेव्हा ती मागच्या भिंतीचं भगदाड चिखलानं लिंपत होती.

"काय काय गेलं, लीलाबाई?"

"कुटं काय? काय बी गेलं न्हाई."

"अगं, भिताड फोडलंय तुझं."

"उंदरानं पोखरलं."

त्या भोकातून माणूस सहज आत गेला असता. पाटील खाली बसले. हळू म्हणाले, "ठाण्यात न्हाई सांगत मी. तुझ्या गळ्याशपथ."

लीलाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. चिखलाचा गोळा उचलला, भिंतीवर थापला, आणि दुसरा घ्यायला वाकली.