लेथवर कातलेली झडप

मामा गेल्याची तार मी वर्गात असताना आली. ती वाचूनही मी मुलांना पुढचं गणित सांगत राहिलो... आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. परभणीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लोखंड कातायचं लेथ चालवणाऱ्या गंगाधरमामांनी पाठीशी उभं राहून मला शिकवलं.

ते आठवले की निजामी राजवटीतला शेवटचा उन्हाळा आठवतो. मी कॉलेजच्या सुट्टीत परभणीला आलो होतो. गावात पटकीची साथ होती. माझी आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, दवाखान्यात होती. डॉक्टर रोग्यांना तिथल्या विंधन विहिरीखेरीज दुसरं पाणी देऊ देत नव्हते, आणि नेमका तिचाच पंप बंद पडला. खाऱ्या पाण्यानं त्याची लोखंडी झडप खाऊन टाकली होती. भारत सरकारनं संस्थानाची नाकेबंदी केल्यामुळे मुंबईहून नवी येणं शक्य नव्हतं.

मामांचे दोस्त रामभाऊ ओतारी यांनी पितळेची झडप ओतून दिली. काम झटपट झालं, पण ओतीव मालाच्या पोटात राहिलेली हवेची पोकळी बाहेरून दिसत नाही. झडप दुसऱ्याच दिवशी तडकली. मग जिनिंगच्या भंगारात स्टेनलेस स्टीलचा एक गज सापडला.

"लेथवर निम्मा माल किसातच जाईल," रामभाऊ म्हणाले. "मला दे. माझ्या साच्यात थेंब वाया जात न्हाई."

"आधी वितळव तर! तुझ्या भट्टीत याला घामसुद्धा यायचा न्हाई."

रामभाऊंनी हट्टानं एक तुकडा भट्टीत घातला. भाता मारून मारून ते दमले. तुकडा लालबुंद झाला, पण वितळला नाही. आता लेथशिवाय इलाज नव्हता.

मामा जात्याच जपून काम करणारे. गज बिघडला तर दुसरा नाही, या धास्तीनं ते केसासारखं पातळ कातू लागले. हत्यार नुसतंच घासत राहिलं, वरचा थर उलट कडक होत गेला आणि हत्याराची धार जळाली. ते टोक कापून टाकावं लागलं. उरल्या गजात एकच झडप निघणार होती. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, साठवलेलं पाणी संपत आलंय...

रामभाऊ कडाडले, "गंगाधर, त्याला गोंजारायलास कशाला? तिकडं तुझी बहीण पाण्याविना पडलीय!"

मामांनी नवी धार लावली, हत्यार खोल रोवलं आणि थर कडक व्हायला वाव न देता, मध्ये कुठंही न थांबता पुढे नेलं. कीस जाड आणि सलग निघू लागला. मी वरून तेल सोडत होतो. हत्यार सरकवायचं चाक मामांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

झडप बसवून पंप सुरू केला तेव्हा मामा नळावर तळहात ठेवून उभे राहिले. पाणी चढताना नळ थरथरला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. आई वाचली.

पुढे कितीतरी वर्षं कामावर जाता जाता ते दवाखान्यात शिरून नळाला हात लावायचे. अखेरच्या आजारात खाटेची दांडी पंपाच्या नळासारखी धरून विचारायचे, "चालायलाय का?" उशाशी आई असायची. "चालायलाय, दादा," म्हणायची. मग त्यांचा डोळा लागायचा.

परवा सकाळी आई अंगणातला नळ उघडून त्यावर हात ठेवून उभी होती. पाणी अजून आलं नव्हतं. मी हाक मारली, तर तिनं मान न वळवताच सांगितलं, "थांब जरा... बघायलेय."